धर्माच्या रकान्यात न मावणारे देव

येत्या जनगणनेचा संदर्भदिन, देशाच्या बहुतेक भागासाठी, १ मार्च २०२७ हा ठरला आहे. त्या सुमारास यवतमाळ जिल्ह्यातील मारेगाव तालुक्यात एखाद्या गोंड घराच्या अंगणात प्रगणक येऊन बसेल. बहुधा जवळच्याच शाळेतील गुरुजी असतील. या वेळची गणना मोबाइलवर व्हावयाची असल्याने नाव, वय, शिक्षण, व्यवसाय हे रकाने भराभर भरले जातील. धर्माच्या प्रश्नापाशी मात्र गुरुजींचे बोट थबकण्याचा संभव आहे.

घरातील म्हातारीला विचारावे, तर ती आपल्या देवांची नावे सांगेल. आपण किती देवांचे, कोणत्या कुळाचे, आपला देव कोणत्या झाडाखाली बसतो, हे ती बिनचूक सांगेल. पण धर्माचे नाव तिला सांगता येणार नाही, कारण आयुष्यात तिला ते कधी लागलेच नाही. तिचा मुलगा 'हिंदू' असे म्हणेल; शाळेच्या दाखल्यावर तेच लिहिलेले होते आणि त्याने त्यावर कधी दुसरा विचार केला नाही. नातू वणीला किंवा नागपूरला शिकून आलेला. तो म्हणेल, "गुरुजी, गोंडी धर्म लिहा. कोया पुनेम लिहा." एका चुलीवर जेवणाऱ्या तीन पिढ्यांची ही तीन उत्तरे आहेत, आणि तिघांपैकी खोटे कोणीच बोलत नाही.

असे घर आज मारेगावातच आहे असे नव्हे. केळापूर, घाटंजी, वणी, पलीकडे चंद्रपूर आणि गडचिरोली, सीमेपलीकडे तेलंगणातील आदिलाबाद, सर्वत्र हा नातू भेटतो. लहानपणी ज्या देवांपुढे त्याने हात जोडले त्यांना सोडून तो आजीच्या देवांकडे निघाला आहे. हा प्रवास कशासाठी होतो, त्याला मागासलेपण म्हणावयाचे की जागृती, आणि समतेचा विचार मानणाऱ्यांनी त्याकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, हे प्रश्न जनगणनेच्या निमित्ताने निघाले असले तरी जनगणनेपुरते नाहीत.

नातवाचे बालपण कसे गेले, हे प्रथम पाहिले पाहिजे. मारेगाव हा कापसाचा तालुका. येथे गोंड आहेत, कोलाम आहेत. कोलामांच्या वस्तीला या भागात पोड म्हणतात. याच गावांत बौद्धांची वस्ती आणि विहार आहे, मारुतीचे देऊळ आहे, आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेची परंपराही आहे. आदिवासी मूल शाळेत किंवा आश्रमशाळेत गेले की सरस्वतीपूजन, गणेशोत्सव, भजन, आरती यांतून त्याचा देवाशी परिचय होतो. हा संस्कार वाईट हेतूने होतो असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. गुरुदेव सेवा मंडळाने विदर्भातील खेड्यांना स्वच्छता शिकविली, दारूविरुद्ध उभे केले, जातिभेद मोडण्याची भाषा दिली. ज्या मुलाने ती प्रार्थना म्हटली त्याला तिने काहीच दिले नाही, असे नाही. परंतु त्या सर्व संस्कारांत एक गोष्ट गृहीत धरलेली असे, की घरी आजी जे करते ते 'धर्म' या नावास पात्र नाही. ते फार तर चालीरीती होत. शिकलेल्या मुलाने हळूहळू सोडून द्यावे असे काहीतरी. मुलाने ते मानलेही. आजीच्या देवकार्याला तो जाईनासा झाला, गोंडी किंवा कोलामी बोलण्याची त्याला लाज वाटू लागली, आणि आपण 'सुधारलो' असे त्याचे त्यालाच वाटले.

मग तो परत का फिरतो? याचे उत्तर शास्त्रात शोधण्याचे कारण नाही. ते वसतिगृहात आणि सरकारी कचेरीत सापडते. वसतिगृहात त्याला कळते की देवळातला देव एक असला तरी पंगत एक होईलच असे नाही. सर्वांबरोबर आरती म्हणूनही 'आदिवासी' हा शब्द त्याच्या पाठीमागे हेटाळणीच्या स्वरात उच्चारला जातो. कचेरीचा अनुभव याहून विलक्षण आहे. जमातीचा दाखला वैध ठरविण्यासाठी पडताळणी समितीपुढे उभे राहिल्यावर त्याला जी प्रश्नावली सोडवावी लागते तिला 'आप्तभाव चाचणी' असे नाव आहे. तुमचे कुलदैवत कोणते, लग्नाचे विधी कोणते, मेलेल्यांचे काय करता, सण कोणते, बोली कोणती, हे प्रश्न तिच्यात असतात. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात ही चाचणी म्हणजे अंतिम कसोटी नव्हे असा निर्वाळा दिला. शिक्षणाने व स्थलांतराने माणसाच्या चालीरीती बदलतात, हे त्यामागचे तत्त्व शहाणपणाचे आहे. तथापि त्यापूर्वीची कित्येक वर्षे आदिवासी तरुणाला या परीक्षेला बसावे लागले, आणि चाचणी आजही पूर्णपणे हद्दपार झालेली नाही.

यातील विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. एकच शासन शाळेच्या दाखल्यावर त्याला 'हिंदू' लिहिते, आश्रमशाळेत त्याला आरती शिकविते, आणि सवलतीचा प्रश्न आला की त्याला विचारते, "तुझे मूळचे देव सांग, नाहीतर तू आदिवासी नाहीस." ज्या देवांना विसरण्याचे शिक्षण दिले त्याच देवांची परीक्षा घेतली जाते. त्या परीक्षेची उत्तरे मागण्यासाठी तो आजीकडे जातो. सक्तीने सुरू झालेली ही विचारपूस पुष्कळांच्या बाबतीत सक्तीपाशी थांबत नाही, कारण आजी जे सांगते ते ऐकून तो चकित होतो.

आजी सांगते की गोंड चारदेवे, पाचदेवे, सहादेवे, सातदेवे असे विभागलेले आहेत आणि समान देवसंख्येच्या घरांत सोयरीक होत नाही. म्हणजे देवांची ही मोजणी हाच समाजाचा कायदा आहे. ती पारी कुपार लिंगोची कथा सांगते. गुहेत कोंडलेली मुले, त्यांच्यासाठी कळवळणारी जंगो रायताड, आणि त्यांना सोडवून कुळांची मांडणी करणारा लिंगो. ही कथा पिढ्यान्‌पिढ्या जिवंत ठेवली ती किंगरी वाजविणाऱ्या प्रधानांनी, छापखान्याच्या मदतीवाचून. कोलामांविषयी ती सांगते की जंगलाचे आणि जमिनीचे देव त्यांना अधिक जवळून ओळखतात. मानवशास्त्रज्ञ फ्युरर-हायमेनडॉर्फ यांनी १९४० च्या दशकात आदिलाबादेत नोंदविले आहे, की तेथील राजगोंड स्थानिक देवांच्या पूजेसाठी कोलामांना बोलावीत. ज्याला गावात सर्वांत खालचे समजले जाते, तो बांबूच्या टोपल्या विणणारा कोलाम त्या मातीचा पुरोहित आहे, हे ज्ञान नातवाला प्रथम होते. देव झाडात आहे, डोंगरात आहे, मेलेल्या पूर्वजांत आहे. मोह आणि ऐन तोडण्यापूर्वी विचारावे लागते. नवे पीक देवाला दाखविल्यावाचून खाऊ नये. ज्याला तो चालीरीतींचा गोंधळ समजत होता त्यात त्याला एक सुसंगत जीवनदृष्टी दिसू लागते.

येथून पुढचा प्रवास आता बराच रुळलेला आहे. माघ पौर्णिमेला गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा तालुक्यात कचारगडच्या गुहेकडे लक्षावधी गोंड जातात. लिंगोने मुलांना सोडविले ती हीच जागा, अशी श्रद्धा आहे. या यात्रेला आजचे संघटित रूप १९८० च्या दशकापासून येत गेले, आणि ते देण्यात ज्यांचा वाटा मोठा, त्यांत मोतीरावण कंगाली यांचे नाव घ्यावेच लागते. नागपूर जिल्ह्यातील खेड्यात १९४९ मध्ये जन्मलेला, पुढे नागपुरात रिझर्व्ह बँकेत नोकरी करणारा हा माणूस मूळचा मोतीराम. त्याने आपले नाव मोतीरावण असे केले, गोंडी भाषेचा आणि पुनेमाचा अभ्यास आयुष्यभर केला, आणि 'पारी कुपार लिंगो गोंडी पुनेम दर्शन' यासारखे ग्रंथ लिहून, प्रधानाच्या किंगरीत होते ते पुस्तकात आणले. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले. एका अक्षरजोडीच्या बदलात एका माणसाने आपला सर्व प्रवास सांगून टाकला. दसऱ्याला रावण जाळू नका असे निवेदन घेऊन तहसील कचेरीत जाणारे विदर्भातील तरुण त्याच वाटेवरचे आहेत.

असा प्रवास हिंदुस्थानात नवा नाही. सर्वांत प्रसिद्ध उदाहरण बिरसा मुंडा यांचे. आज यवतमाळ जिल्ह्यात १५ नोव्हेंबरला गावोगाव त्यांची जयंती होते. पण त्यांच्या श्रद्धेचा इतिहास मिरवणुकीत क्वचितच सांगितला जातो. बिरसा लहानपणी ख्रिस्ती होते, चाईबासाच्या जर्मन मिशन शाळेत शिकले. तेथून बाहेर पडल्यावर एका वैष्णव गुरूच्या सहवासात राहिले. १८९५ मध्ये त्यांनी स्वतःचा पंथ सांगितला. तो मुंडांच्या सिंगबोंगाकडे परतणारा होता, पण जसाच्या तसा जुना नव्हता. अनेक बोंगांना बळी देण्याची आणि भुताखेतांची प्रथा त्यांनी नाकारली. मिशनमधून आणि वैष्णवांकडून जे घेण्यासारखे होते ते त्यांनी घेतले होते. १९०० मध्ये पंचविशीच्या आतच रांचीच्या तुरुंगात ते मरण पावले.

दुसरा प्रवास उलट दिशेचा. सिएरा लिओनच्या बिशपचा मुलगा, ऑक्सफर्डचा पदवीधर पाद्री व्हेरिअर एल्विन १९२७ मध्ये पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आला. १९३२ मध्ये शामराव हिवाळे या मराठी मित्रासह तो मंडला जिल्ह्यातील करंजियाच्या गोंडांत राहावयास गेला. गोंडांना ख्रिस्ती करण्याचे त्याने नाकारले, आणि काही वर्षांतच त्याने स्वतःच चर्च सोडले. धर्म शिकविण्यासाठी आलेला मनुष्य ज्यांना शिकवावयाचे त्यांच्याकडून शिकून गेला. आदिवासींना 'मागासलेले हिंदू' म्हणणारे समाजशास्त्रज्ञ घुर्ये यांचा १९४३ चा ग्रंथ आणि एल्विन यांचे लेखन यांतून जो वाद उभा राहिला, तो मारेगावच्या अंगणात अजून चालूच आहे.

आणि तिसरे उदाहरण तर विदर्भाच्या डोळ्यांसमोरचे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. कबीरपंथी घरात वाढलेल्या त्या माणसाने येवल्याच्या १९३५ च्या घोषणेपासून एकवीस वर्षे विचार करून आपला निर्णय घेतला. गोंड तरुणाच्या शेजारच्या वस्तीत त्या निर्णयाची फळे उभी आहेत. धर्म जन्माने मिळतो तसा तो विवेकाने निवडताही येतो, आणि ती निवड माणसाला ताठ उभे करू शकते, हे त्याने पुस्तकात वाचलेले नाही. गावातच पाहिले आहे.

या श्रद्धांना युरोपीय भाषांत 'पेगन' असा एक शब्द आहे. त्याचे मूळ लॅटिन, आणि मूळ अर्थ खेडूत, गावंढळ. ख्रिस्ती धर्म शहरांत पसरला तेव्हा जे खेड्यांत जुन्या देवांना धरून राहिले त्यांना हे नाव पडले. आपल्याकडील 'रानटी' हा शब्द त्याचाच सख्खा भाऊ होय. माणूस जेथे राहतो त्या जागेचे नाव घेऊन त्याच्या देवाला हीन ठरवावयाचे, ही रीत जगभर एकच आहे. आज युरोपातही परतीचे प्रवास होत आहेत. आइसलँडने १९७३ मध्ये जुन्या नॉर्स देवांना मानणाऱ्या संघाला मान्यता दिली. लिथुआनियातील रोमुवा या प्राचीन बाल्टिक श्रद्धेच्या संघटनेला शासनाने मान्यता नाकारली, तेव्हा २०२१ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने तो भेदभाव ठरविला. परंतु एक फरक विसरता येत नाही. तेथे परतणाऱ्याला शेकडो वर्षांपूर्वी तुटलेला धागा ग्रंथांतून आणि लोकगीतांतून पुन्हा जोडावा लागतो. मारेगावच्या नातवाला उंबरठ्याबाहेरही जावे लागत नाही. त्याची आजी अजून जिवंत आहे.

या प्रवासावर आक्षेप घेणारे तीन प्रकारचे आहेत. पहिले म्हणतात, हे सर्व मूळचे हिंदूच, वेगळा धर्म म्हणणे हे फुटीरपण होय. या म्हणण्यात इतिहासाचा एक अंश खरा आहे. देवाणघेवाण शतकानुशतके झाली; गोंडांच्या घरी महादेव आला आणि गावच्या देवळांत गोंडांचे देव गेले. परंतु आपण कोण, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा? संविधानाने अनुच्छेद २५ मध्ये सद्सद्विवेकाचे स्वातंत्र्य व्यक्तीला दिले आहे, समाजाच्या पुढाऱ्यांना नव्हे. कायद्यानेही हा वेगळेपणा केव्हाच मानलेला आहे. १९५५ चा हिंदू विवाह कायदा आणि १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा, केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढल्याखेरीज, अनुसूचित जमातींना लागू नाहीत. अनुच्छेद ३४२ खालील जमातींच्या यादीला धर्माची अट नाही. लग्नासाठी ज्याला हिंदू कायदा लागू नाही त्याला गणनेत हिंदूच लिहिले पाहिजे, हा आग्रह न्यायाचा आहे असे म्हणता येत नाही. हाच आग्रह धरणाऱ्यांपैकी काही जण धर्मांतरित आदिवासींना यादीतून वगळण्याची मागणी करतात, तेव्हा एकतेच्या नावाखाली शिक्षेची व्यवस्था होऊ घातली आहे, हे उघड होते.

दुसरा आक्षेप आकड्यांचा. स्वतंत्र रकाना मागणारे मूठभर आहेत, असे सांगितले जाते. २०११ च्या जनगणनेत सहा धर्मांना स्वतंत्र संकेतांक होते. बाकी सारे 'इतर धर्म व पंथ' या सदरात. त्या सदरात सुमारे ७९ लाख लोक निघाले. त्यांत सरना लिहिणारे ४९ लाखांवर आणि गोंड किंवा गोंडी धर्म लिहिणारे १० लाखांवर होते. स्वतंत्र संकेतांक असलेल्या जैनांची संख्या त्या वेळी सुमारे ४५ लाख होती. म्हणजे संख्येचे कारण टिकत नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये झारखंड विधानसभेने सरना धर्मासाठी स्वतंत्र संकेतांक मागणारा ठराव एकमताने केला. परंतु यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट ही, की देशातील अनुसूचित जमातींची लोकसंख्या त्याच गणनेत दहा कोटींहून अधिक होती. त्यांतील कितींनी आपले उत्तर आपणहून दिले आणि कितींच्या वतीने प्रगणकाने ते गृहीत धरले, हे कोणताही आकडा सांगत नाही.

तिसरा आक्षेप पुरोगाम्यांचा असून तोच सर्वांत गंभीर आहे. ते विचारतात, की एका देवळातून निघून दुसऱ्या झाडाखाली जाऊन बसण्यात प्रगती ती कोणती? अंधश्रद्धा शहरी असो की रानातली, ती अंधश्रद्धाच. आदिवासी तरुणाने देवांच्या फेऱ्यातून बाहेर पडून विज्ञान आणि वर्गसंघर्ष यांची कास धरावी.

हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. आदिवासी भागांत डाकीण ठरवून स्त्रियांना छळल्याच्या घटना घडल्या आहेत. आजार आला की दवाखान्याआधी भगताकडे जाण्याने जीव गेले आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये महाराष्ट्राने केलेला जादूटोणाविरोधी कायदा पोडालाही तितकाच लागू आहे आणि तो लागू असलाच पाहिजे. परतीच्या उत्साहात जुने ते सर्व पवित्र ठरविले जाण्याचा धोका खराच आहे. स्त्रियांच्या वारसाहक्काची गोष्ट पाहावी. हिंदू उत्तराधिकार कायदा लागू नसल्याने आदिवासी स्त्रीला रूढीच्या नावाखाली वडिलांच्या जमिनीतून वगळले जाते. जुलै २०२५ मध्ये छत्तीसगडमधील एका गोंड कुटुंबाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आदिवासी स्त्रीच्या वारसांना समान वाटा दिला; तिला वगळणारी रूढी सिद्ध झालेली नसताना नुसते स्त्री म्हणून तिला हिस्सा नाकारणे समतेच्या तत्त्वाविरुद्ध आहे, असे न्यायालयाने मानले. ज्या पुनेमाच्या कथेत मुलांसाठी पहिल्यांदा कळवळली ती जंगो रायताड, त्या पुनेमाच्या अनुयायांनी हे न्यायालयाने सांगेपर्यंत वाट का पाहावी?

तसेच प्राचीनतेच्या दाव्यांचे. सिंधू लिपी गोंडीतच वाचता येते, असे कंगाली यांचे प्रतिपादन होते. लिपीच्या अभ्यासकांनी ते सर्वमान्य केलेले नाही. ती लिपी अद्याप सर्वसंमतपणे वाचली गेलेली नाही. परंतु प्रश्न असा, की आत्मसन्मानाला चार-पाच हजार वर्षांच्या पुराव्याची गरज काय? आजीचे देव मोहेंजोदडोइतके जुने नसले, म्हणून ते कमी आदराचे ठरतात काय? प्राचीनतेच्या शर्यतीत उतरणे म्हणजे ज्यांनी हीन लेखले त्यांचेच माप हाती घेणे होय.

हे सर्व मान्य करूनही पुरोगाम्यांचा आक्षेप एका ठिकाणी चुकतो. तो या प्रवासाकडे केवळ देवांची अदलाबदल म्हणून पाहतो. वास्तविक नातू जेव्हा 'कोया पुनेम लिहा' असे म्हणतो, तेव्हा तो देवाविषयी जेवढे बोलत असतो त्याहून अधिक आजीविषयी बोलत असतो. आजी अडाणी नव्हती, तिला भाषा होती, कायदा होता, इतिहास होता, हे तो जाहीर करीत असतो. ज्याला आपल्या आईच्या भाषेची लाज वाटते तो सावकारापुढे आणि वनखात्याच्या माणसापुढे मान वर करू शकत नाही. आजीच्या देवाकडे गेलेला नातू आजीइतकाच निमूट राहत नाही. तो निवड करून गेलेला असतो, आणि ज्याने एकदा निवड केली तो जुन्यातलेही निवडू शकतो. बिरसांनी तेच केले. म्हणून पुरोगाम्यांचे काम या प्रवासाची टवाळी करण्याचे नव्हे. त्याला सहप्रवासी मानून डाकिणीचा, दारूचा आणि मुलीच्या वाट्याचा प्रश्न त्याच्याशी बरोबरीच्या नात्याने बोलण्याचे आहे. धम्म स्वीकारणाऱ्याला जो आदर दिला तोच येथेही देणे, ही साधी सुसंगती होय.

मात्र या प्रवासाची खरी कसोटी रकान्यात लागणार नाही. ती जमिनीवर लागेल. आदिवासींचे देव पुस्तकांत राहत नाहीत. ते अमुक डोंगरावर, तमुक झाडात, विशिष्ट शिवेवर राहतात. डोंगर गेला की देव गेला. ओडिशातील नियमगिरीच्या डोंगरिया कोंधांनी हे देशाला शिकविले. बॉक्साइटच्या खाणीचा प्रश्न आला, तेव्हा १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या धार्मिक हक्कांचा निर्णय ग्रामसभांवर सोपविला, आणि बाराही ग्रामसभांनी खाण नाकारली. तेथे नियमराजाची पूजा आणि जंगलाचा हक्क या दोन गोष्टी उरल्याच नाहीत, एकच झाली. याउलट गडचिरोलीत एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या पहाडावर ठाकूरदेवाची यात्रा भरते आणि त्याच पहाडातून लोहखनिजही निघते.

मारेगावच्या सीमेपलीकडे आदिलाबाद जिल्ह्यात केसलापूर आहे. पौष अमावास्येला मेश्राम कुळाच्या नागोबाची जत्रा तेथे भरते. तेथून जवळच इंद्रवेल्ली. २० एप्रिल १९८१ रोजी जमिनीच्या मागण्यांसाठी जमलेल्या गोंडांवर तेथे पोलिसांनी गोळीबार केला. मृतांचा सरकारी आकडा १३ होता, लोकांनी सांगितलेला पुष्कळ मोठा. देवाच्या जत्रेला जमणारे आणि जमिनीसाठी जमणारे हात तेच होते. जत्रेत त्यांचे कौतुक होते, जमीन मागितली की गोळी मिळते, हा अनुभव त्या मातीत पुरलेला आहे.

यवतमाळ जिल्ह्यापुढे आज हाच प्रश्न आहे. कापसाच्या कर्जाने या जिल्ह्यात शेतकऱ्यांच्या आत्महत्या घडविल्या, आणि त्यांतून आदिवासी घरे सुटली नाहीत. हातची गेलेली जमीन परत मिळवून देणारा महाराष्ट्राचा कायदा १९७४ चा आहे. वनहक्काचा केंद्रीय कायदा २००६ चा आहे. अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा १९९६ चा आहे. कायद्यांची उणीव नाही. उणीव आहे ती त्यांच्या नावाने कचेरीत ठामपणे उभे राहणाऱ्या माणसांची. कचारगडला जाऊन आलेला, सप्तरंगी झेंडा घरावर लावलेला, एकमेकांना 'जय सेवा' म्हणणारा तरुण त्याच निष्ठेने सामूहिक वनहक्काचा दावा लिहून ग्रामसभेत मांडील, तर त्याच्या देवांना राहण्यास जागा उरेल. नाहीतर एक दिवस धर्माचा रकाना मिळेल आणि ऐनाचे झाड मिळणार नाही.

तेव्हा शासनाकडे मागावयाचे ते फार नाही. जनगणनेत गोंडी, सरना व इतर आदिवासी धर्मांना स्वतंत्र संकेतांक द्यावा. तो मिळो न मिळो, प्रगणकाने प्रश्न विचारावा आणि उत्तर मिळेल तेच नोंदवावे. आजी देवांची नावे सांगेल तर त्याला 'हिंदू' किंवा 'कोया पुनेम' असे नाव देण्याची घाई कोणी करू नये, गुरुजींनी नाही आणि नातवानेही नाही. घरातील तिघांची उत्तरे वेगळी असतील, तर ती तीन वेगळी लिहावीत. मुलाचे 'हिंदू' हे उत्तरही त्याचे स्वतःचे आहे. नातवाच्या हक्काइतकाच त्याचाही हक्क आहे. जमातीच्या सवलतींचा या उत्तरांशी काहीही संबंध राहता कामा नये. आश्रमशाळेत मुलाला प्रार्थना शिकविली जात असेल, तर त्याच्या घरच्या देवांची कथाही तेथे सांगितली जावी, आणि ती त्याच्याच गावच्या प्रधानाने किंवा आजीने सांगावी.

गुरुजी अंगणात येतील तेव्हा त्यांना चहा मिळेल आणि उत्तरेही मिळतील. जाताना त्यांनी आणखी एक प्रश्न विचारावा, जो त्यांच्या प्रश्नावलीत नाही: "तुमच्या देवाची जमीन कोणाच्या सातबाऱ्यावर आहे?" नातवाला त्याचे उत्तर ठाऊक नसेल, तर गावात पुढची सभा त्याच विषयावर भरली पाहिजे.